कोचीला मुक्काम करा, नुसता थांबा नको

केरळच्या सहलीचं कुठलंही पत्रक उघडा. मुन्नारला दोन रात्री, ठेकडीला एक, अलेप्पीला हाउसबोटीवर एक. कोचीच्या वाट्याला येते ती पहिल्या दिवसाची दुपार, नाहीतर परतीच्या विमानाआधीची सकाळ. चिनी जाळ्यांपुढे फोटो, सिनेगॉगला धावती भेट, मसाल्याच्या दुकानात अर्धा तास, की गाडी निघाली घाटाकडे. मुन्नार सुंदर आहेच. पण ज्यांना माणसांत, बाजारात, जुन्या वास्तूंत, खाण्यात आणि पाण्यात रस आहे, त्यांनी हा हिशेब उलटा करावा असं मी आग्रहानं सांगेन. चार रात्री कोचीत काढा. रजा उरली तर डोंगर बघा.

तिथं जाण्याआधी नकाशा मात्र नीट पाहून घ्या, कारण कोची हे सलग शहर नाही. पूर्वेला मुख्य भूमीवर एर्नाकुलम. रेल्वे स्टेशन, मेट्रो, हायकोर्ट, मोठी दुकानं, सगळा आजचा कारभार तिकडे. पश्चिमेला, समुद्राच्या तोंडाशी फोर्ट कोची आणि त्याला चिकटून मट्टांचेरी. दोहोंच्या मध्ये खाडी. या खाडीत विलिंग्डन बेट आहे. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्यानं ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभं केलं. उत्तरेला वायपीनचं लांबट बेट आणि अधेमधे बोलगट्टी, वल्लारपाडम. बंदर म्हणून कोची तशी उशिराच नावारूपाला आली. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, उत्तरेचं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळानं निकामी झालं आणि कोचीपाशी समुद्राची वाट मोकळी झाली, असं मानलं जातं. मिरीचा व्यापार इकडे सरकला, आणि मिरीच्या मागे जग आलं.

१५०३ मध्ये पोर्तुगिजांनी इथं किल्ला बांधायला घेतला, १६६३ मध्ये डचांनी तो जिंकला, १७९५ मध्ये इंग्रज आले. राज्यकर्ते आले तसे गेले. पोटापाण्यासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी आलेले लोक मात्र इथलेच होऊन राहिले. मट्टांचेरीत गुजराती रोड आहे, जैन मंदिर आहे, कच्छी मेमनांच्या वखारी आहेत. फोर्ट कोचीत वेली भागात धोबीखाना आहे. डचांनी आपल्या सैनिकांचे कपडे धुण्यासाठी तमिळ वण्णार कुटुंबं आणली होती आणि त्यांचे वंशज आजही तिथल्या दगडी हौदांवर काम करतात. ज्यू गल्ली आहे. हे सगळं एका सकाळी पायी फिरून होतं. इतक्या लहान जागेत इतक्या प्रकारची माणसं आपापली भाषा, देव आणि स्वयंपाक सांभाळून राहिलेली भारतात फार थोड्या ठिकाणी दिसतील. कोचीला जाण्याचं पहिलं कारण माझ्या मते हेच.

आपल्यासाठी त्यात जवळचा एक धागा आहे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगिजांचा धार्मिक जाच वाढला, तेव्हा अनेक कोकणी कुटुंबं दक्षिणेला निघाली आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली. मट्टांचेरीच्या चेरळाय भागात त्यांची वस्ती आणि तिरुमला देवस्वमचं मोठं मंदिर आहे. तिथं दुकानात उभं राहून कान द्या. मल्याळमच्या ओघात मध्येच ओळखीचे शब्द येऊ लागतात. डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ केला, त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचा मोठा हात होता. १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचं कोकणीतलं प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत आहे. आपली लिपी कागदावर छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक. हे ठाऊक असलं की चेरळायच्या गल्ल्यांतून चालताना आपण परक्या गावात आहोत असं वाटत नाही.

जायचं कसं, उतरायचं कुठं

वेळ असेल तर रेल्वेनंच जा. लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती आणि दुरांतो, कल्याण-पनवेलवरून जाणारी मंगला, पुण्याहून पूर्णा (ती मडगावपासून), अशा गाड्या कोकण रेल्वेच्या मार्गानं एर्नाकुलमला पोचवतात. साधारण एक दिवस आणि एक रात्र धरा. रत्नागिरीच्या पुढचे बोगदे, गोव्यातली झुआरी, होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल आणि मग नारळीच्या बागा, हा प्रवास स्वतःच सुट्टीचा भाग आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मे व डिसेंबरमधल्या जागा पटकन संपतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश जातात, त्यामुळे पुढची जोडगाडी किंवा विमान घाईत ठरवू नका. एर्नाकुलमला जंक्शन आणि टाउन अशी दोन स्टेशनं आहेत. तिकिटावर कोणतं आहे ते पाहून ठेवा.

विमानानं गेलात तर नेडुंबासेरीचा विमानतळ शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. २०१५ मध्ये पूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून त्याची नोंद झाली. तिथून बसनं अलुवाला या आणि मेट्रो धरा. संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीपेक्षा हा मार्ग बरा.

राहायला फोर्ट कोचीच घ्या. एर्नाकुलमची हॉटेलं स्वस्त आणि सोयीची आहेत, पण तिथं राहिलात तर पहाटे आणि रात्री जुनं गाव तुमच्या हाती लागणार नाही, आणि फोर्ट कोचीची खरी मजा दहाच्या आधी आणि पाचच्या नंतर आहे. जुन्या घरांत कुटुंबं स्वतः चालवतात असे होमस्टे भरपूर आहेत. सकाळी घरचं अप्पम मिळतं आणि कुठं काय चाललंय हे घरमालकाला नेमकं ठाऊक असतं. खोली घेताना दोन गोष्टी विचारा: खिडक्यांना डासांची जाळी आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे. कोचीचे डास फार त्रास देतात, आणि जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात. आई-वडील बरोबर असतील तर तळमजला मागून घ्या.

पाण्यावरचं शहर

कोची पाहायचं ते पाण्यावरून, आणि त्यासाठी महागडी क्रूझ लागत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी हायकोर्ट धक्क्यावरून वायपीन आणि फोर्ट कोचीला जातात. आवाज नाही, धूर नाही, आणि भाडं साध्या शहरी प्रवासाचं. धक्के तरंगते असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, बोट आणि फलाट एका पातळीवर राहतात. गुडघे दुखणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना सहज चढता येतं. आपल्याकडे धक्क्यावरून बोटीत उडी घ्यावी लागते तेव्हा म्हाताऱ्या माणसांची काय तारांबळ होते ते आठवा. सार्वजनिक वाहतूक कुणासाठी बांधायची हे या शहरानं नीट विचार करून ठरवलंय, आणि ते पाहायला म्हणून तरी ह्या बोटीत बसावं.

राज्य सरकारच्या जुन्या प्रवासी बोटीही चालू आहेत. त्या आणखी स्वस्त, उघड्या खिडक्यांच्या, ऑफिसला आणि शाळेला जाणाऱ्यांनी भरलेल्या. एक फेरी वॉटर मेट्रोनं करा आणि एक ह्या बोटीनं. फोर्ट कोचीहून वायपीनला गाड्या आणि माणसं एकत्र नेणारी रो-रो फेरी आहे. काही मिनिटांचाच प्रवास, पण बंदराच्या तोंडावरून जातो. एकीकडे मासेमारीच्या होड्या, दुसरीकडे वल्लारपाडमला निघालेलं कंटेनरचं अजस्र जहाज, आणि नशीब असेल तर मध्येच डॉल्फिनची पाठ.

चिनी जाळी याच तोंडावर आहेत. लाकडी खांबांवर तोललेलं प्रचंड जाळं, मागच्या बाजूला दोरांना टांगलेले दगड, आणि ते वर-खाली करायला चार-सहा माणसं. वजनाचा तोल इतका नेमका असतो की एक माणूस मुख्य वाशावर चालत गेला तरी जाळं पाण्यात उतरू लागतं. सकाळी सहा-सातला जा, तेव्हा काम खरं चालू असतं. आता मासा कमी लागतो, खाडीत गाळ आणि जलपर्णी वाढली आहे, आणि लाकूड महाग झाल्यामुळे काही जाळी मोडून पडली आहेत. कुणी दोर ओढायला बोलावलं तर जरूर ओढा आणि जाताना पैसे द्या. त्यांची कमाई आज बऱ्याच अंशी त्यावर आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: फोर्ट कोचीचा किनारा पोहण्याचा नाही. प्रवाह जोरकस आहे, वाळू थोडी आणि कचरा बराच. पाण्यात उतरायचंच असेल तर वायपीनच्या उत्तर टोकाकडे चेराईला जा. मुलांना घेऊन अर्धा दिवस तिथं छान जातो.

मट्टांचेरीची सकाळ

मट्टांचेरीसाठी शुक्रवार आणि शनिवार ठेवू नका. राजवाडा शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग शनिवारी आणि ज्यू सणांच्या दिवशी बंद असतं, शुक्रवारीही दुपारनंतर आत सोडत नाहीत. जवळच्या त्रिपुणितुरातला कोचीच्या राजांचा हिल पॅलेस सोमवारी बंद. म्हणजे रविवार ते गुरुवार असा मुक्काम सगळ्यांत सोयीचा.

मट्टांचेरीच्या राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगिजांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, कोचीच्या राजाला भेट म्हणून. डचांनी पुढे डागडुजी केली. बाहेरून साधी वास्तू. आत शिरलात की राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे. गेरू, पिवळा, हिरवा असे मातीचे आणि पानांचे रंग, आणि एकही कोपरा मोकळा न सोडता दाटीवाटीनं बसवलेल्या आकृती. फोटो काढू देत नाहीत, ते एका परीनं बरंच आहे. या एका खोलीत अर्धा तास बसा. बाकीची दालनं झटपट पाहिलीत तरी चालेल.

परदेसी सिनेगॉग १५६८ चं. जमिनीवर चीनहून आणवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. हातानं रंगवलेल्या असल्यामुळे एकीसारखी दुसरी नाही. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे गेले. आता घरं दुकानांची झाली आहेत. आपल्या अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायली ज्यूंना एकोणिसाव्या शतकात धर्मशिक्षण द्यायला कोचीच्या ज्यूंमधून शिक्षक आले होते. रायगडातली सिनेगॉग पाहिलेल्या माणसाला इथं तो दुवा जाणवेल.

मग ज्यू गल्लीतल्या शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत फार न रमता बाजार रस्त्यावर या. सुंठ, मिरी, वेलची, तांदूळ, चहा यांच्या वखारी, हातगाड्या, पोती, आणि खाडीच्या बाजूला उघडणारे दरवाजे. जुना धंदा आटलाय, पण संपलेला नाही. तिथून फोर्ट कोचीपर्यंत चालत या. रिक्षानं गेलात तर भाडं आधी ठरवा आणि ‘दुकानात थांबायचं नाही’ हेही आधीच सांगा, कारण काही दुकानं रिक्षावाल्यांना गिऱ्हाईक आणल्याबद्दल पैसे देतात. हाक मारायला चेट्टा आणि चेची हे दोन शब्द पुरतात, आपल्या दादा आणि ताईसारखे. हिंदी आता बऱ्याच ठिकाणी समजते.

वाटेत सेंट फ्रान्सिस चर्च लागेल. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला आणि त्याला इथं पुरलं होतं. अवशेष पुढे लिस्बनला नेले, दगड राहिला. त्याहून मला लक्षवेधी वाटतात ते छताला टांगलेले, बाहेरून दोरीनं ओढायचे कापडी पंखे. कुणीतरी उन्हात बसून दोर ओढायचं म्हणून आतल्यांची प्रार्थना सुखाची व्हायची.

हिवाळ्यात जाणार असाल तर कोची-मुझिरिस बिनाले आहे का ते पाहा. समकालीन कलेचं हे महाप्रदर्शन १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं आणि साधारण दोन वर्षांनी भरतं. ते उभं करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. जितीश कलाट आणि सुदर्शन शेट्टी या मुंबईच्या चित्रकारांनी एकेका आवृत्तीची धुरा वाहिली. ॲस्पिनवॉल हाउससारख्या जुन्या वखारींत, खाडीच्या वाऱ्यात चित्रं आणि मांडणशिल्पं पाहायला मिळतात. चित्रकलेतलं आपल्याला काही कळत नाही असं म्हणून टाळू नका. तिथं रिक्षावाले, शाळकरी पोरं, कोळणी सगळे फिरत असतात आणि सगळ्यांना मतं असतात.

ताटात काय

मासे खाणाऱ्या मराठी माणसाला कोचीत नावं तेवढी नवी, मासे ओळखीचे. अयला म्हणजे बांगडा, आवोली म्हणजे पापलेट, नेयमीन म्हणजे सुरमई, चेम्मीन म्हणजे कोळंबी. फरक आंबटात आहे. इथं कालवणात कुडमपुळी पडते. ती कोकमाच्याच कुळातली, पण धुरावर वाळवून काळी केलेली. तिचा आंबटपणा जड आणि धुरकट असतो. मातीच्या भांड्यात केलेलं लाल कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, म्हणून साध्या खाणावळीत ‘कालचं आहे’ म्हणाले तर नाक मुरडू नका. सोबत उकडलेला टॅपिओका, म्हणजे कप्पा. करीमीन हा खाडीचा मासा मसाला लावून केळीच्या पानात भाजतात तो एकदा खाच. तिखट नको असलेल्यांना नारळाच्या दुधातलं मीन मोली. जाळ्यांजवळ मासा विकत घेऊन शेजारी शिजवून घ्यायची सोय आहे, पण मासा आणि शिजवणावळ या दोन्हींचे दर आधी पक्के करा.

मट्टांचेरीत कायीजची बिर्याणी दुपारी लवकर गाठावी, उशिरा गेलात तर संपते. बारीक, आखूड, सुवासिक तांदळाची ही बिर्याणी हैदराबादीपेक्षा सौम्य, आणि मला जास्त आवडणारी. शाकाहारी मंडळींचे हाल होतील ही भीती नको. केळीच्या पानावरची सद्या संपूर्ण शाकाहारी असते: अवियल, तोरन, ओलन, कालन, तूप-वरण, शेवटी पायसम. सकाळी पुट्टू आणि काळ्या चण्याची उसळ, किंवा अप्पम आणि भाज्यांचं इष्टू. एर्नाकुलमला एम. जी. रोडजवळ पै ब्रदर्सकडे डोशांचे इतके प्रकार आहेत की मुलं दोन दिवस तिथंच जेवायचं म्हणतील. नारळाच्या तेलाची सवय नसेल तर पहिल्या दिवशी बेतानं खा.

शहराबाहेरचा एक दिवस

चार दिवसांतला एक कुंबळंगीसाठी ठेवा. फोर्ट कोचीच्या दक्षिणेला, खाड्यांनी वेढलेलं हे गाव ‘कुंबळंगी नाइट्स’ या २०१९ च्या चित्रपटामुळे अनेकांना ठाऊक झालं. तिथली पोक्काळी शेती पाहा. पावसाळ्यात खारं पाणी ओसरलं की उंच वाढणारा, क्षार सोसणारा भात लावतात. कापणीत फक्त लोंब्या घेतात. उरलेला पेंढा पाण्यात कुजतो, आणि नोव्हेंबरपासून त्याच खाचरांत भरतीचं पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. कोळंबीची विष्ठा पुढच्या भाताचं खत होते. या तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. कोकणातल्या खारभूमीवर आणि गोव्यातल्या खाजणांवर वाढलेल्या माणसाला इथं विचारण्यासारखं खूप सापडेल, आणि शेतकरी आपुलकीनं सांगतात. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, अंधाऱ्या रात्री खाडीचं पाणी हलवलं की निळसर उजळतं. त्याला तिथं कवरू म्हणतात.

त्याच संध्याकाळी परत येऊन कथकली पाहा. फोर्ट कोचीत रोज प्रयोग असतात. तासभर आधी जा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर करतात आणि ती प्रयोगाइतकीच पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला नजरेचे आणि हस्तमुद्रांचे अर्थ सांगतात, त्यामुळे लहान मुलंही बसून राहतात.

कधी जावं, काय आणावं

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यांत सुखद. मार्च ते मे घामाघूम व्हायला होतं. जून-जुलैचा पाऊस आवडणाऱ्यांनी खुशाल जावं, खोल्या स्वस्त असतात. मात्र ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरची मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राचा मासा कमी आणि महाग. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर विजांसह सरी येतात, म्हणून फिरणं सकाळी उरकावं. ओणम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्रिपुणितुराच्या पूर्णत्रयीश मंदिराचा वृश्चिकोत्सव असतो, पंधरा हत्ती आणि रात्रभर चेंडा या ढोलाचं वादन. मंदिरात पुरुषांना मुंडू नेसून, सदरा काढून जावं लागतं. डिसेंबरच्या अखेरीस फोर्ट कोचीत कार्निव्हल असतं आणि ३१ च्या मध्यरात्री पाप्पांजी नावाचा भला मोठा पुतळा जाळतात. गर्दी प्रचंड होते, बोटी आणि रस्ते खोळंबतात. लहान मुलं असतील तर हे दोन-तीन दिवस टाळा.

खरेदी मसाल्यांचीच करा, पण पर्यटकांच्या चकचकीत दुकानांऐवजी बाजार रस्त्यावर. मिरी वजनदार, टणक दाण्यांची. वेलची हिरवी, फुगीर, दाबली तर न फुटणारी. कुडमपुळी काळीभोर, किंचित मऊ आणि धुराचा वास येणारी निवडा. घरी आणल्यावर मीठ आणि थोडं खोबरेल चोळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बांगड्याच्या कालवणाला दोन-तीन पाकळ्या पुरतात. आधी कोमट पाण्यात भिजवा आणि पाण्यासकट घाला.